प्रवासातील प्रश्न : कियांतीच्या द्राक्षमळ्यांत एक आठवडा

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांतील सहा जणांनी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी इटलीतील तोस्काना प्रांतात, ग्रेवे इन कियांती या गावाबाहेर, द्राक्षमळ्यातील एक घर सात रात्रींसाठी भाड्याने घेतले आहे. जावईबापूंनी सहा दिवसांच्या सहा सहली आखल्या आहेत : फ्लोरेन्स, सिएना, पिसा, सान जिमिन्यानो, पिएन्झा आणि चिंक्वे तेर्रे. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना घाटात गाडी लागते. हा कार्यक्रम जमेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जमेल, पण मग द्राक्षमळ्यातले घर कशासाठी घेतले, हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी सासूबाई विचारतील. जावईबापूंनी नकाशावर किलोमीटर मोजले असावेत. कियांतीत किलोमीटरला फारसा अर्थ नाही. ग्रेवे ते सिएना हे अंतर सुमारे ४० किलोमीटर असले, तरी फ्लोरेन्स आणि सिएना यांना जोडणारा कियांतीजाना नावाचा जुना रस्ता टेकड्यांच्या माथ्यांवरून वळसे घेत जातो आणि तास-सव्वा तास सहज खातो. पिएन्झाला जायलाच पावणेदोन तास लागतात. चिंक्वे तेर्रे तर समुद्रकाठी, दुसऱ्या प्रांतात आहे. जाऊन-येऊन पाच तासांहून अधिक गाडीत बसायचे आणि तिथे गर्दीच्या आगगाडीत उभे राहायचे, असा तो बेत आहे. ही दोन नावे खोडून टाका. पिसा यादीत राहिले ते केवळ झुकत्या मनोऱ्यासमोर छायाचित्र काढण्यासाठी असेल, तर परतीचे विमान त्या बाजूने असल्यास जाता जाता पाहावे.

उरतात फ्लोरेन्स, सिएना आणि सान जिमिन्यानो. या तीन सहली एकाआड एक दिवस कराव्यात आणि मधले दिवस घराच्या आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांत घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लोरेन्सला गाडी नेऊच नका. ग्रेवेहून थेट बस आहे, ती तासाभरात शहरात सोडते. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांचा मध्यभाग बाहेरच्या वाहनांना बंद असतो. तिथे अडथळा नसतो, हटकणारा पोलीसही नसतो. लाल कडा असलेली वर्तुळाकार पाटी आणि तिच्या वर एक कॅमेरा, एवढीच काय ती सूचना. मी स्वतः एकदा चुकीच्या वळणावर अशा पाटीखालून गेलो आणि ते विसरूनही गेलो. सात महिन्यांनी दंडाची नोटीस घरी आली आणि तिच्या आधी, माझी माहिती कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणाऱ्यांनी लावलेले वेगळे शुल्क कार्डावरून वजा झालेले होते. गाडी चालवणाऱ्याने भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही आपल्या आरटीओकडून आधी काढून घ्यावा.

सिएनाला मात्र गाडीने जावे. गाडी सकाळी लवकर काढावी आणि सासूबाईंना पुढच्या आसनावर बसवावे. शहर टेकडीवर असले तरी पायथ्याच्या सांता कातेरीना वाहनतळापासून सरकते जिने थेट कॅथेड्रलच्या परिसरात नेतात, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही. तुमचा आठवडा भाग्याचा आहे, कारण कॅथेड्रलची संगमरवरी फरशी, जिच्यावर दगडात दगड बसवून ५६ चित्रे साकारली आहेत, वर्षातला बराच काळ झाकलेली असते आणि सप्टेंबरमध्ये सहसा उघडी ठेवली जाते. त्यानंतर काम्पो चौकात या. हा चौक शिंपल्यासारखा उतरता असून त्याचे विटांचे नऊ भाग तेराव्या-चौदाव्या शतकांत शहराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची आठवण म्हणून आखले आहेत. २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकाच्या कडेने पालियोची घोडदौड होते. शहरातील १७ मोहल्ल्यांपैकी दर वेळी दहाच धावतात आणि हरलेला मोहल्ला पुढे वर्षभर ते मनात ठेवतो. तुम्ही जाल तेव्हा धूळ बसलेली असेल. उतरत्या विटांवर सरळ बसावे, सगळे गाव तेच करते.

सान जिमिन्यानोत एकेकाळी ७२ मनोरे होते असे सांगतात, आज १४ उभे आहेत. दुपारी अकरा ते चार या वेळात तिथे पर्यटकांच्या बसगाड्या ओतत असतात, म्हणून त्या दिवशी क्रम उलटा करा. दुपारचे जेवण घरी उरकून चारच्या सुमारास तिथे पोहोचा. उन्हे कलल्यावर गल्ल्या रिकाम्या होतात आणि दगडाचा रंग बदलू लागतो.

मधल्या दिवसांसाठी ग्रेवेच पुरेसे आहे. त्याचा चौक त्रिकोणी आहे, कडेने कमानींचे सोपे आहेत आणि शनिवारी सकाळी तिथे आठवडी बाजार भरतो. वरच्या अंगाला मोन्तेफियोराल्ले ही तटबंदीची लहानशी वाडी आहे, तिथपर्यंत चढ असला तरी पायी जाता येते. राद्दा आणि वोल्पाया ही गावे अर्ध्या दिवसात होतात. तो द्राक्षतोडणीचा हंगाम असल्याने रस्त्यावर ट्रॅक्टरमागे रांगत जावे लागेल. भोंगा वाजवू नका.

प्रश्न : याच सहलीत आम्ही दोघी शाकाहारी आहोत आणि सासूबाई अंडेही खात नाहीत. कियांती म्हणजे मांसाहाराचे माहेरघर, असे ऐकले आहे. रोज पिझ्झाच खावा लागेल का? सोबत काय न्यावे? (त्याच वाचक)

उत्तर : फ्लोरेन्सचा जाडजूड बीफस्टेक जगभर गाजला, त्यामुळे तोस्कानाचे खरे घरगुती जेवण झाकले गेले. ते जेवण शेतकऱ्याचे आहे, म्हणजे शिळी भाकरी वाया न घालवणाऱ्यांचे. इथल्या पावात मीठ नसते. पहिल्या घासाला सगळ्यांची तक्रार असते, पण आपली भाकरी तरी कुठे खारट असते? ती कालवणाबरोबर खायची वस्तू आहे आणि हा पावही तसाच. तो शिळा झाला की त्याचे काय काय होते पाहा. काळपट पानांचा कोबी आणि पांढरा घेवडा यांच्या रश्श्यात शिजवला की रिबोल्लिता, टोमॅटो, लसूण आणि तुळशीच्या जातीच्या पानांबरोबर आटवला की पाप्पा अल पोमोदोरो, पाण्यात भिजवून पिळून कांदा-काकडीत कालवला की पांझानेल्ला. आपल्या फोडणीच्या पोळीचे हे सख्खे भाऊ आहेत. घेवड्याची सेज नावाच्या पानांची आणि टोमॅटोची उसळ फाजोली अल्लुच्चेल्लेत्तो या नावाने मिळते.

सासूबाईंसाठी पिची हे नाव पाठ करून ठेवा. सिएनाच्या बाजूचा हा जाड शेवयांसारखा पास्ता सहसा नुसती कणीक आणि पाणी यांचा असतो आणि हाताने वळतात. वळवटाच्या शेवया ज्यांनी केल्या आहेत त्यांना तो लगेच ओळखू येईल. आल्योने या मोठ्या, सौम्य लसणाच्या टोमॅटो रश्श्यात तो मागवावा. ताज्या रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात मात्र बहुधा अंडे असते. गोडात सिएनाचा पानफोर्ते, म्हणजे मध, बदाम आणि पाकवलेल्या फळांची घट्ट वडी, आणि तुमच्याच आठवड्यात बेकरीत दिसणारी स्कियाच्याता अल्लूवा मागून पाहावी. पावाच्या दोन थरांत वाइनची काळी द्राक्षे भरून भाजलेली ही पोळी कागदात गुंडाळून देतात, जांभळा रस कोपरापर्यंत ओघळतो आणि बिया दाताखाली कुरकुरतात. बिया थुंकायच्या नसतात.

सावधगिरीच्या तीन गोष्टी आहेत. जेवणाआधी भाजलेल्या पावावर तपकिरी चटणीसारखे काही लावून येते, ते क्रोस्तीनी नेरी असून ती चटणी कोंबडीच्या काळजाची असते. घेवड्याच्या किंवा कोबीच्या रश्श्यात कधी डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा मांसाचे पाणी घातलेले असते, तेव्हा "सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने" म्हणजे मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, असे दोन्ही सांगावे. तिसरी गोष्ट चीजची. पार्मिजानो वासराच्या पोटातील विरजणानेच करतात आणि मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनोलाही बहुधा तसेच विरजण असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी "सेन्झा फोर्माज्जो" म्हणावे.

खानावळींच्या वेळा कडक असतात. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर चूल पेटते, मध्ये नाही. तीन वाजता पोहोचलेल्याला गावात कुणीही गरम जेवण देणार नाही. बिलात कोपेर्तो नावाची माणशी दोन-तीन युरोंची रक्कम असते, ती पाव आणि मांडणीची असून फसवणूक नव्हे.

माझा सल्ला असा की मुख्य जेवण दुपारी बाहेर घ्यावे आणि रात्री घरी स्वयंपाक करावा. अंधारात वळणांच्या रस्त्याने परतणे टळते, ज्येष्ठांना लवकर झोपता येते आणि दिवसभरात जेवणावर दोनदा पैसे जात नाहीत. तांदूळ, मसूर, छोले, कांदे, टोमॅटो हे सर्व ग्रेवेत मिळते. रविवारी दुपारनंतर बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारीच सामान भरावे. घरून मसाल्याचा डबा, मेतकूट आणि लहान कुकर न्यावा. शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, हे मालकाला आधी विचारून घ्यावे म्हणजे कुकर उगाच फिरायला येणार नाही. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तुपाची उणीव तिथले हिरवे ऑलिव्ह तेल भरून काढते. गरम घेवड्यावर कच्चेच ओतून पाहा.

प्रश्न : आम्ही नाशिकच्या वायनरी पाहिल्या आहेत. कियांतीत वेगळे काय असते आणि बाटलीवरचा काळा कोंबडा म्हणजे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पहिला फरक नावात आहे. नुसती कियांती वाइन तोस्कानाच्या विस्तृत भागात होते, पण कियांती क्लासिको केवळ फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधील जुन्या टापूतलीच असते. त्या टापूची पहिली सीमा महाड्यूक तिसऱ्या कोसिमोने १७१६ मध्ये हुकूम काढून आखून दिली. काळा कोंबडा हे क्लासिकोचे चिन्ह. दंतकथा अशी की सीमा ठरवण्यासाठी दोन्ही शहरांतून कोंबडा आरवताच एकेक स्वार निघायचा होता आणि ते भेटतील तिथे हद्द ठरायची होती. सिएनाने पांढऱ्या कोंबड्याला खाऊपिऊ घातले, फ्लोरेन्सने काळ्याला उपाशी ठेवले. उपाशी कोंबडा पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि बहुतेक कियांती फ्लोरेन्सकडे गेली.

क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेजे जातीचे द्राक्ष असावे लागते. साधी बाटली १२ महिने, तिच्या वरच्या प्रतीची रिझेर्वा २४ आणि सर्वांत वरची ग्रान सेलेत्सियोने ३० महिने मुरल्याशिवाय विक्रीला येत नाही. हे द्राक्ष आंबटसर आणि किंचित तुरट, म्हणून टोमॅटोच्या पदार्थांशी त्याचे जुळते आणि नुसते प्यायला ते पहिल्यांदा रुक्ष वाटते. आपल्याकडे अकलूज परिसरात इटालियन भागीदारांसह उभ्या राहिलेल्या द्राक्षमळ्यांतही सांजोव्हेजे लावलेले आहे. जाण्याआधी ती वाइन चाखून गेल्यास तुलना करता येईल.

बहुतेक मळ्यांत चाखणीसाठी आधी वेळ ठरवावी लागते आणि तोडणीच्या दिवसांत तर नक्कीच. तीन ते पाच पेले, पाव आणि तेल असा बेत असतो. चाखून भांड्यात थुंकणे असभ्य समजत नाहीत. गाडी चालवणाऱ्याने तेच करावे, कारण रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर एक थेंबही चालत नाही. आपल्याकडची मर्यादा ०.३ ग्रॅम, म्हणजे याहून कडक आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घरापासून चालत जाता येईल असा मळा निवडणे सर्वांत उत्तम.

प्रश्न : फ्लोरेन्समध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक आहे असे आजोबा सांगत. ते अजून आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहे आणि तुमच्या आजोबांचे म्हणणे पूर्ण खरे आहे. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. ते जेमतेम वीस वर्षांचे होते. या दौऱ्यातील त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. अंत्यसंस्कार नद्यांच्या संगमावर व्हावेत म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्या जिथे मिळतात ते ठिकाण निवडले गेले आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभारून तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. कासीने या लांबलचक बागेच्या अगदी पश्चिम टोकाला ती आहे. बागेत शिरल्यावर बरेच चालावे लागते, म्हणून ज्येष्ठांनी टॅक्सी करावी. तिथला परिसर आणि जवळचा पूल दोन्ही "इंदियानो" याच नावाने ओळखले जातात, त्यामुळे रस्ता विचारताना हा एक शब्द पुरतो. भरजरी पोशाखातला, पागोटे घातलेला तो तरुण चेहरा इटालियन झाडांखाली पाहताना काही वेळ बोलवत नाही.

कियांतीत मुक्काम असणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक नाव लक्षात ठेवावे. ग्रेवेच्या पश्चिमेला, मोन्तेस्पेर्तोलीजवळ मोन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्लोरेन्सच्या संग्रहालयांतील दोनशेहून अधिक चित्रे सुरक्षिततेसाठी तिथे हलवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य मागे हटत असताना ८व्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा पलटणीचे जवान त्या वाड्यात पोहोचले आणि चित्रांवर त्यांचा पहारा बसला. चित्रकार बोत्तिचेल्लीचे "वसंत" त्यांत होते. वाडा खासगी असल्यामुळे बाहेरूनच पाहावा. चित्र मात्र फ्लोरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. तिकीट आधी काढावे लागते आणि सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा फ्लोरेन्सचा दिवस मंगळवारी किंवा त्यानंतर ठेवावा.