फ्रान्समधील साँ-सिर्क-लापोपी हे नदीकाठचे मध्ययुगीन गाव पॅरिसहून एका दिवसात पाहून येता येईल का? सोबत आई-वडील आहेत.

एका दिवसात जाऊन परतण्याचा बेत करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरिसहून काओर या जवळच्या शहरापर्यंत रेल्वेलाच पाच तासांहून अधिक वेळ लागतो. पुढे काओर-फिजाक बस लोत नदीच्या काठाने तूर-द-फोरला सोडते आणि गाव तर पलीकडच्या काठावर, नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर वसलेले आहे. मी तूलूझला राहतो, म्हणजे अंतराने बराच जवळ, तरीही तिथे जायचे तर मुक्कामाच्या तयारीनेच जातो.

मुक्काम सुचवण्यामागे प्रवासाच्या दगदगीपेक्षा मोठे कारण आहे. २०१२ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेत फ्रेंच प्रेक्षकांनी या गावाला आपले सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले. तेव्हापासून उन्हाळ्यात दुपारी गल्ल्या पर्यटकांनी भरून जातात, आणि जेमतेम दोनशेच्या आसपास वस्तीचे हे गाव त्या गर्दीत नीट पाहताच येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी मात्र उतरत्या तपकिरी कौलांची छपरे, लाकडी चौकटींच्या भिंती आणि टोकदार कमानींची जुनी दुकाने निवांतपणे पाहता येतात.

माझी खरी आग्रहाची सूचना अशी, की हे गाव आधी खालून, नदीच्या बाजूने पाहावे. लोतमधून सपाट तळाच्या नावा काओरची वाइन घेऊन बोर्दोकडे जात. वाइन म्हणजे पिंपे आली, आणि पिंपांना तोट्या लागत. त्या लाकडी तोट्या बनवणारे कातारी याच गावात पिढ्यान् पिढ्या काम करत होते. दुकानांच्या त्या रुंद कमानींमागे हा सगळा व्यवहार होता, हे लक्षात घेतले की गल्ल्यांमधून चालताना बरेच काही उलगडते. नदीचे खोरे ज्याच्या ताब्यात त्याचे बळ मोठे, म्हणून वर लापोपी, गुर्दाँ आणि कार्दायाक या तीन सरदार घराण्यांचे वाडे आणि किल्ला उभा राहिला. १४७१ मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने तो पाडण्याचा हुकूम दिला आणि उरलेसुरले तट १५८० मध्ये पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या नाव्हारच्या हेन्रीने पाडायला लावले. आज तिथे भग्नावशेषच आहेत, पण त्या माथ्यावरून नदीचे वळण आणि सोळाव्या शतकातले तटबंदीयुक्त चर्च एका नजरेत येते.

जवळच्या बूझिए गावाहून निघणारी नदीकाठची वाट मला सर्वांत प्रिय आहे. नावा दोरखंडांनी ओढून प्रवाहाविरुद्ध नेता याव्यात म्हणून १८४०च्या दशकात इथला चुनखडीचा कडा कोरून ही वाट काढली. चालताना डोक्यावर खडकाचे छत येते आणि एका ठिकाणी भिंतीवर आधुनिक शिल्पकाराने कोरलेले उठावशिल्प दिसते. दरड कोसळण्याच्या भीतीने ही वाट काही वेळा बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी तिथल्या पर्यटन कार्यालयात अवश्य विचारा. वाट सपाट आहे, पण शेवटी गावाकडे चढ आहे आणि गावातल्या गल्ल्याही उभ्या आणि दगडी आहेत. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील, तर काओरहून भाड्याची गाडी घेऊन वरच्या वाहनतळावर उतरावे, म्हणजे त्यांना नदीपासूनचा चढ चढावा लागणार नाही.

अतियथार्थवादी कवी आंद्रे ब्रताँने १९५१ मध्ये साँ-सिर्क-लापोपीमधली नावाड्यांची जुनी खाणावळ विकत घेतली आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तो उन्हाळ्यात इथे येत राहिला. ते घर वाटेत जरूर पाहा.

दुसऱ्या दिवशी जवळच्या काब्रेरे गावातील पेश-मेर्ल गुहा पाहता येईल. ठिपक्यांचे प्रसिद्ध घोडे असलेली प्रागैतिहासिक भित्तिचित्रे तिथे मूळ जागी पाहायला मिळतात, मात्र रोजच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा असल्याने आरक्षण आधीच करावे. घरात कुणी शाकाहारी असेल, तर जेवणाचा विचारही आधी करा: या भागाच्या पाककृतींत बदक फार असते, परंतु रोकामादूरचे बकरीच्या दुधाचे चीज, अक्रोड आणि सॅलड यांवर पोटभर जेवण होते.