व्हीगन होताय? बी१२ जीवनसत्त्व विसरू नका

दूध, दही, चीज सगळं एका दिवसात बंद करायची घाई नको. आधी कॉफीतलं दूध बदला, जीभ तिथेच जास्त कुरकुरते. उकळत्या कॉफीत सोया दूध फाटतं. कॉफी जरा निवू द्या, दूध कोमट करून घाला. कॅल्शियम घातलेलंच घ्या आणि दर वेळी डबा हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं.

पण माझा खरा आग्रह बी१२चा. आजवर ते दुधातून मिळत होतं, वनस्पतींतून भरवशाचं मिळत नाही. मोठ्यांना रोज साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं. शरीरातला साठा हळूहळू संपतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. तोवर नसांना इजा झालेली असू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी पहिल्या दिवसापासूनच सुरू करा. आणि हो, पाकिटावर व्हे किंवा केसीन दिसलं तर ते दुधाचंच.