आफ्रिकेतल्या वस्त्यांमध्ये व्यसनमुक्तीचं काम करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: समाजकार्याचं शिक्षण संपत आलंय, एका संस्थेतर्फे आफ्रिकेत जायचंय, तिथल्या वस्त्यांमध्ये व्यसन रोखायला आणि उपचार करायला नेमकं काय उपयोगी पडतं, आणि आपल्याकडची व्यसनमुक्ती केंद्रांची पद्धत तिकडे चालेल का?

आधी एक विनंती. 'आफ्रिकेत काय चालतं' असं विचारू नका, 'त्या वस्तीत लोक काय घेतात' असं विचारा. मोम्बासा, झांझिबार, दार-ए-सलाम या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेरॉइन आहे, कारण अफगाणिस्तानातून हिंदी महासागरामार्गे येणारा माल तिथे उतरतो. सिएरा लिओनमध्ये 'कुश' आहे, म्हणजे रसायन फवारलेली, ओढायची पानं. घाना, नायजेरिया, नायजर इथे ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आहेत. झिंबाब्वेच्या हरारेमध्ये 'मुटोरिरो' म्हणजे क्रिस्टल मेथ, आणि कोडीनचं खोकल्याचं औषध. दारू सगळीकडेच आहे आणि एकूण नुकसान तिचंच सर्वांत मोठं. पण प्रत्येकाचा उपचार वेगळा. हेरॉइनवर उत्तम औषध उपलब्ध आहे. मेथवर अजून तसं औषध नाही. दारू एकदम तोडली तर माणूस त्या तोडण्यानेच मरू शकतो. हेरॉइन तोडताना माणूस सहसा मरत नाही, तो मरतो नंतर.

त्या 'नंतर'वर थोडं थांबतो, कारण आपल्याकडून गेलेल्या कार्यकर्त्यांच्या मनातलं चित्र बदलावं लागतं ते इथेच. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की काही आठवडे राहायचं निवासी केंद्र डोळ्यांपुढे येतं. दारूच्या रुग्णाला त्याचा चांगला उपयोग होतो. हेरॉइन घेणाऱ्याला मात्र महिनाभर कोंडून 'शरीर साफ' करून घरी पाठवलं, तर त्याची सहनशक्ती उतरलेली असते आणि तलफ मात्र तशीच असते. बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटलेल्यांचंही हेच होतं. म्हणून ओपिऑइड गटातल्या, म्हणजे हेरॉइन, ट्रॅमाडॉल अशा अफूसारखा अंमल करणाऱ्या, कुठल्याही पदार्थासाठी नुसतं डिटॉक्स करणारं केंद्र मला धोकादायक वाटतं, मग ते कितीही प्रेमाने चालवलेलं असो.

याला पर्याय आहे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनच्या जागी देखरेखीखाली नियमित दिली जाणारी, तलफ शमवणारी औषधं. आफ्रिकेत हा पर्याय नवा राहिलेला नाही. मॉरिशसने २००६ मध्ये मेथाडोन सुरू केलं. टांझानियाने २०११ मध्ये दार-ए-सलामच्या मुहिंबिली रुग्णालयात, केनियाने २०१४ च्या अखेरीस नैरोबीच्या मथारी रुग्णालयात. सेनेगलच्या डाकारमध्येही असं केंद्र आहे. मॉरिशसचा उल्लेख मुद्दाम करतो. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही. सुईतून पसरणाऱ्या एचआयव्हीने तो छोटा देश हादरला, तेव्हा मेथाडोन आणि स्वच्छ सुया या दोन गोष्टींनी साथ आटोक्यात यायला मदत झाली. पुढे २०१५ मध्ये सरकारने नव्या रुग्णांना मेथाडोन देणं बंद केलं आणि काही वर्षांतच तो निर्णय फिरवावा लागला.

मेथाडोनच्या खिडकीवर काय घडतं ते नीट समजून घ्या. रुग्ण रोज येतो. ओळख पटवली जाते. नर्स त्याच्याकडे बघते: डोळे झोपाळलेत का, बोलणं अडखळतंय का, दारूचा वास येतोय का. यातलं काही आढळलं तर डोस थांबवायचा किंवा कमी करायचा, कारण दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर मेथाडोन पडलं की श्वास मंदावतो. मग पातळ औषध मोजून पेल्यात, समोरच प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलायचे. ते बोलणं आपुलकीचं असतंच, पण औषध तोंडात धरून बाहेर नेता येऊ नये हाही त्यामागचा हेतू असतो.

डोसाचं गणित डॉक्टरच करतील, पण तुम्हाला ते माहीत हवं, कारण रुग्ण तक्रार तुमच्याकडे करणार आहे. सुरुवात २० ते ३० मिलिग्रॅमने. मग दर तीन-चार दिवसांनी ५ ते १० मिलिग्रॅम वाढ. बहुतेकांना ६० ते १२० च्या दरम्यान स्थिर वाटतं. पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे. मेथाडोन शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे रोजचा डोस तोच असला तरी चार-पाच दिवस रक्तातलं प्रमाण चढत राहतं. दुसऱ्या दिवशी 'काहीच होत नाही' म्हणून घाईने डोस वाढवला किंवा रुग्णाने वरून हेरॉइन घेतलं, तर पाचव्या दिवशी झोपेत अपघात होतो. उलट चूक आणखी सर्रास होते: 'विष आहे, कमीत कमी द्या' म्हणून माणसाला महिनोन्महिने ४० वर अडकवून ठेवतात. त्याचं अंग दुखत राहतं, तो पुन्हा वस्तीतल्या अड्ड्यावर जातो, आणि सगळे म्हणतात की औषध काम करत नाही.

क्षयरोगाचं औषध हा इथला सापळा आहे. रिफॅम्पिसिन सुरू झालं की यकृत मेथाडोन भराभर मोडतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्याचं प्रमाण निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं. काल ठीक असलेला माणूस आज नाक गळतंय, पोटात मुरडा येतोय, झोप नाही असं सांगतो. मोम्बासाकडे याला 'अरोस्टो' म्हणतात. मुंबईतला शब्द 'टर्की'. मग तो मेथाडोन न सोडता क्षयाच्या गोळ्या सोडतो. म्हणून क्षयाचं निदान झालं की त्याच दिवशी मेथाडोन केंद्राला कळायला हवं, डोस टप्प्याटप्प्याने वाढवायला हवा, आणि सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपल्यावर तो तसाच हळूहळू खाली आणायला हवा. हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झ या औषधानेही असंच होतं. आता त्याच्या जागी डोलुटेग्राविर आल्यापासून तेवढी अडचण कमी झाली.

मेथाडोनचा खाडा झाला तर? एक-दोन दिवसांचा असेल तर सहसा तोच डोस देतात. तीन-चार दिवस झाले तर निम्म्यावर आणतात. पाच दिवसांच्या पुढे पुन्हा पहिल्यापासून. आणि खाड्याचं कारण बहुतेक वेळा इच्छाशक्तीचा अभाव नसतो, ते बसभाडं असतं. रोज दोन वेळा मटाटूचे किंवा डालाडालाचे (तिकडच्या खासगी मिनीबसचे) पैसे देणं हातावर पोट असलेल्याला जमत नाही. त्यामुळे संस्थेकडे थोडा निधी असेल तर माझं स्पष्ट मत: पत्रकं छापू नका, भाड्याची सोय करा, खिडकी पहाटे उघडा म्हणजे मजुरीला जाता येईल, आणि औषध वस्तीजवळ नेता येतंय का यासाठी आरोग्य खात्याच्या मागे लागा.

आता पश्चिमेकडे. कुशबद्दल खूप अफवा आहेत. त्यात माणसांची हाडं मिसळतात या बोलवेवरून सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन इथे स्मशानांवर पहारे बसले. ५ एप्रिल २०२४ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष ज्युलियस माडा बायो यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. नंतर झालेल्या रासायनिक तपासण्यांमध्ये दोन वेगळ्याच गोष्टी सापडल्या: काही नमुन्यांत नायटाझिन, म्हणजे अत्यंत तीव्र कृत्रिम ओपिऑइड, आणि काहींत कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखा अंमल करणारं रसायन. पानावर फवारलेलं हे रसायन पुडीपुडीला बदलतं, हे लक्षात ठेवून काम करा. नायटाझिन असेल तर नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा अंमल उतरवणारं औषध, लागू पडतं, कॅनाबिनॉइड असेल तर नाही. बाहेरून कळत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: श्वास मंद असेल तर नॅलॉक्सोन द्यायचंच. नाही लागलं तरी त्याने इजा होत नाही.

पद्धत अशी. खांदा हलवा, मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोरात घासा. प्रतिसाद नाही, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मिनिटाला दहाच्या खाली, तर मदत बोलवा आणि तोंडाने श्वास द्यायला लागा, दर पाच-सहा सेकंदांनी एक. नॅलॉक्सोन ०.४ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वास देणं चालूच ठेवा, फरक नसेल तर पुन्हा. नायटाझिनला तीन-चार वेळाही द्यावं लागू शकतं. शुद्ध आली तरी दोन तास सोडून जाऊ नका, कारण नॅलॉक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मूळ पदार्थ अजून आत असतो. दूध पाजणं, मिठाचं पाणी टोचणं, थंड पाणी ओतणं यात मोलाची मिनिटं जातात. हे प्रशिक्षण डॉक्टरांच्या आधी अड्ड्यावरच्या माणसांना द्या, शेजारी तेच असतात.

गोळ्यांच्या बाबतीत आपल्यालाही उत्तरदायी व्हावं लागेल. पश्चिम आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलचा मोठा हिस्सा भारतातून जायचा. डॉक्टर ५० किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी देतात, रस्त्यावर २२५ आणि २५० च्या मिळतात. भारताने २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, तर त्याची जागा टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांनी घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या एका औषध कंपनीचा हा व्यवहार पत्रकारांनी उघड केला; मग केंद्र आणि महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने उत्पादन थांबवलं आणि या मिश्रणाच्या निर्यातीचे परवाने रद्द झाले. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ही गोळी म्हणजे दोन व्यसनं आहेत. टॅपेंटाडॉल ओपिऑइड आहे, कॅरिसोप्रोडॉल स्नायू शिथिल करणारं आणि गुंगी आणणारं. दुसरं एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. ट्रॅमाडॉलच्या जास्त मात्रेनेही फिट येते. म्हणून 'आजपासून एकही नाही' असं घरी कुणाला सांगू नका. रोज किती गोळ्या आणि कुठलं पाकीट हे विचारून डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरती मात्रा ठरवा. रिकामं पाकीट घेऊन यायला सांगा, त्यावरून निम्मं निदान होतं.

ही गोळी घेणारे बरेच जण मौजेसाठी घेत नाहीत. शेतमजूर, मोटारसायकल टॅक्सीवाले, ओझी वाहणारे दुखणं आणि थकवा मारून काम ओढण्यासाठी घेतात. त्यांच्यासमोर कवटीची चित्रं लावून काही होत नाही. गणवेशातल्या पोलिसाचं शाळेतलं भाषण तर अजिबात उपयोगी नाही. पाठदुखीवर साधा उपचार, जवळच्या दवाखान्यात पॅरासिटामॉल, मुकादमाशी कामाच्या तासांबद्दल बोलणं, हे प्रतिबंधाचं खरं काम आहे.

दारूबाबत कायदा पुष्कळ करू शकतो. टांझानियाने मार्च २०१७ मध्ये 'विरोबा' म्हणजे दारूच्या प्लास्टिक पुड्या बंद केल्या, युगांडाने २०१९ मध्ये. खिशातल्या चिल्लरीत मिळणारी आणि शाळकरी मुलाच्या मुठीत लपणारी दारू त्यामुळे दुकानातून उठली. रोज पिणाऱ्याची दारू सोडवताना मात्र पहिले तीन दिवस सांभाळा: सहा तासांपासून थरथर, पहिल्या दोन दिवसांत झटके, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम. डायझेपाम (झटके टाळणारं शामक औषध) किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. थायमिन (जीवनसत्त्व ब-१) मात्र विसरू देऊ नका, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ते दिलं गेलंय ना हे विचारा. नाहीतर उपाशी दारुड्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मेथसाठी औषध नाही, तिथे माणसंच लागतात. झिंबाब्वेचं 'फ्रेंडशिप बेंच' बघून या. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत चौदा आज्यांबरोबर ते सुरू केलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी, शोना भाषेतली चौदा प्रश्नांची यादी आणि साधारण सहा भेटी. मूळ काम नैराश्याचं आहे, पण भेटीचा ढाचा व्यसनातही वापरता येतो: सगळ्या अडचणी मोकळेपणाने बोलायच्या, त्यातली एकच निवडायची, आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल अशी एक कृती ठरवायची. सल्ला द्यायची घाई करणारी माणसं या कामाला चालत नाहीत. मेथमध्ये याला लघवीची चाचणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस, उदाहरणार्थ किराण्याचं कूपन, अशी जोड द्या. पैसे देऊ नका.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ज्या केंद्राशी तुमची संस्था जोडलेली आहे, तिथे दाराला कडी बाहेरून आहे का? सप्टेंबर २०१९ मध्ये नायजेरियाच्या कडुना शहरात पोलिसांनी 'सुधारगृहा'तून तीनशेहून अधिक मुलं आणि पुरुष सोडवले, त्यातले कित्येक साखळदंडात होते. काहींना घरच्यांनीच व्यसन सुटावं म्हणून आणून ठेवलं होतं. ते आईबाप दुष्ट नसतात, त्यांना दुसरी जागा माहीत नसते. असं केंद्र एखाद्या प्रार्थनागृहाचं असेल तर त्याच्याशी भांडण मांडू नका. तिथल्या धर्मगुरूला ओव्हरडोसचं प्रशिक्षण द्या आणि रुग्ण तुमच्याकडे पाठवायचा रस्ता उघडा ठेवा.

जाण्याआधी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा. नॅलॉक्सोनचा साठा किती आणि त्याची मुदत कधी संपते? मेथाडोन कोणाच्या पैशाने येतं? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत एकाएकी थांबली तेव्हा एचआयव्ही निधीवर चालणाऱ्या अशा सेवांना मोठा फटका बसला, म्हणून निदान दोन-तीन महिन्यांचा साठा आणि दुसरा दाता आहे का हे कळलं पाहिजे. आणि तिसरा: कर्मचाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसन केलेली स्थानिक माणसं किती, आणि त्यांना पगार मिळतो की नुसतं 'स्वयंसेवक' म्हणून राबवतात? तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं तर दुसरी संस्था शोधा.