विक्रीपूर्वी घराची डागडुजी: किती आणि कोणती?

प्रश्न : कोथरूडमध्ये तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत सासूबाईंचा दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. त्या आता बाणेरला आमच्याकडे राहायला आल्या असल्याने तो विकायचे ठरले आहे. एजंट म्हणतात, मॉड्युलर किचन व नवी फरशी करून घ्या. दीर म्हणतात, एक रुपयाही न घालता आहे तसा विका. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. दसऱ्याच्या सुमारास ग्राहकांना घर दाखवायचे असल्यास त्या भिंतीवर आताच रंग देऊन घ्यावा का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : सर्वप्रथम सोसायटीच्या सचिवांकडे पुनर्विकासाची चौकशी करावी. कोथरूडमधील या वयाच्या बऱ्याच इमारतींत हा विषय निघालेला असतो. विकसक निश्चित झाला असेल, तर घेणाऱ्याचे लक्ष चटईक्षेत्र, पार्किंग आणि करारातील अटींकडे असते. अशा वेळी फ्लॅटच्या आत मोठा खर्च करण्यात काहीच अर्थ नाही.

पुनर्विकास इतक्यात होणार नसेल, तरीही मॉड्युलर किचन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना फ्लॅट घेणारे कुटुंब आपल्या सोयीने ओटा, कपाटे आणि फरशी बदलण्याचा हिशेब मनात धरूनच आलेले असते, त्यामुळे आपल्या पसंतीवर केलेला खर्च ते किमतीत मोजतीलच असे नाही. कडाप्प्याचा ओटा शाबूत असेल तर तो राहू द्यावा; मात्र शेगडीमागच्या टाइल्सवरचा आणि एक्झॉस्ट पंख्यावरचा तेलकट थर पूर्ण निघाला पाहिजे.

दीरांचे म्हणणे मात्र ओलीच्या बाबतीत मुळीच मान्य करता येणार नाही. पोपडे सुटलेली, लोणा लागून पांढरी भुकटी झडणारी भिंत पाहिली, की घेणाऱ्याला सगळ्याच नळांची शंका येते आणि दुरुस्तीला लागेल त्याहून अधिक रक्कम तो किमतीतून कापून मागतो. परंतु त्या भिंतीवर नुसता रंग देऊ नये. आतले पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणते आणि नव्या रंगाला पुन्हा फुगे येतात, कधी कधी तर सौदा पक्का होण्याआधीच. शिवाय, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे.

म्हणून आधी पाणी कोठून येते ते शोधावे. बाथरूम दोन-तीन दिवस पूर्ण कोरडे ठेवावे, ओलीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारावी, मग नहाणी ट्रॅप (फरशीतील सांडपाण्याचे तोंड) घट्ट बंद करून फरशीवर बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवावे. ओल रेघेच्या पुढे सरकली, तर दोष फरशीचे सांधे, ट्रॅप किंवा खालच्या कोब्यात आहे असे समजावे. ओल फरशीपासून दूर, नळाच्या उंचीवर असेल, तर भिंतीत दडलेल्या पाइपची तपासणी प्लंबरकडून करून घ्यावी. वरच्या फ्लॅटमधून पाणी येत असेल, तर त्यांच्याशी बोलावे लागेल. बाहेरच्या भिंतीतून पावसाचे पाणी झिरपत असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. तसा लेखी अर्ज आजच द्यावा. गळती थांबल्यावर सुटलेले प्लास्टर काढून भिंत वाळू द्यावी. नवे प्लास्टर साधारण चार आठवडे मुरले पाहिजे आणि पुण्याच्या पावसाळी हवेत त्याहून अधिक वेळ लागू शकतो.

हाताला लागणाऱ्या लहान वस्तू स्वस्तात पुष्कळ काम करतात. गळणारा नळ, घासणारे दार, सैल कडी, पिवळे पडलेले स्विच यांची दुरुस्ती एका आठवड्यात होते. बिजागऱ्या आणि कड्या बोहरी आळीत हव्या तशा मिळतात. माळा मात्र मनावर घेऊन रिकामा करावा. तेथील पितळी भांडी आणि जुनी पुस्तके यांविषयीचा निर्णय सासूबाईंनाच घेऊ द्यावा, कारण घाईत भंगारात गेलेली वस्तू परत मिळत नाही.

बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल, तर ती मंजूर नकाशाशी ताडून पाहावी, कारण घेणाऱ्याच्या बँकेचा मूल्यांकनकार हे तपासतो. भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराची पावती आणि वीजबिल एका फाइलमध्ये लावून ठेवावे.

पितृपक्षात घर पाहायला येणारे कमीच असतात. त्या पंधरवड्यात रंगकाम करून घ्यावे, म्हणजे दसऱ्यापर्यंत रंगाचा वासही जाईल. भिंत तोवर वाळली नाही, तर ती उघडीच ठेवून काय दुरुस्ती केली ते बिलासह घेणाऱ्याला दाखवावे, आणि रंग दिवाळीनंतर द्यावा.