अण्णांची पटाशी आणि उधारीची वही

प्रश्न : माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ५० वर्षं सुतारकाम करत होते. त्यांना जाऊन १० महिने झाले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर दोन पानं लिहून वाचावीत असं मनात आहे, पण ‘कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी’ यापुढे हात सरकत नाही. भाऊ हत्यारांची पेटी भंगारात द्यायची म्हणतो. उधारीची एक वही सापडली आहे; त्यातली बरीचशी उधारी त्यांनी कधी वसूलच केली नाही. आईला काही विचारलं तर ‘तुला हवं ते लिही’ म्हणते आणि उठून जाते. काय करू?
– अण्णांची लेक, पुणे

ताई, ते तीन शब्द खरेच असतील. पण पेपरातल्या निधनवार्तांत ते ज्याच्या त्याच्या नावापुढे लागतात, म्हणून त्यांत अण्णा दिसत नाहीत. अण्णा दिसतील ते गावातल्या चौकटींत, उंबऱ्यांत, देव्हाऱ्यांत. तेव्हा लिहिणं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि गावात एक चक्कर मारा. पाच-सहा घरं पुरेत.

‘अण्णा कसे होते?’ असं विचारू नका. समोरचा ‘देवमाणूस!’ म्हणेल आणि चहा ठेवायला उठेल. वस्तूबद्दल विचारा. हे दार कुठल्या साली बसवलं? लाकूड कोणी आणलं? मजुरी रोख दिली की जोंधळ्यात? पावसाळ्यात दार अडकतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. लाकूड ओल पिऊन रुंदीला फुगतं. फट किती सोडायची हे ज्याला कळतं, त्याचं दार भर पावसातही एका बोटाने लागतं. चौकटीच्या सांध्यात खिळा आहे की लाकडी खुंटी, तेही बघा. जुन्या शेतकऱ्यांकडे कुळव, तिफण अजून पडून असेल. पेरणी तोंडावर आली की अपरात्री अण्णांच्या दाराशी कोण कोण यायचं, ते त्यांनाच ठाऊक.

पेटी भंगारात देऊ नका. भंगारवाला लोखंडाचं वजन करणार, हाताचं नाही. विजेवरची यंत्रं भावाला विकायची असतील तर खुशाल विकू द्या. अण्णांच्या हाताखाली कोणी शिकलेलं असेल, तर चालती हत्यारं त्याला द्या. घरात रंधा, काटकोन बघायचा गुण्या आणि लाकूड कोरायची एक पटाशी राहू दे. ती पटाशी हातात घेऊन पाहा. नव्या पटाशीचं पातं चांगलं लांब असतं, आणि दगडावर धार लावून लावून ते आखूड होत जातं. अण्णांचं किती उरलंय ते पट्टीने मोजा आणि तो आकडा लेखात घाला. रंध्यावर तळहात टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत, किंचित खोलगट झालेलं असेल. त्यावर वॉर्निश मारू नका, ती जागा बुजून जाईल.

गंज असेल तर मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, पुसा आणि तेलाचा पातळ हात द्या. रंध्याची पाचर ढिली करून पातं आत घ्या, नाहीतर ताणाने लाकूड चिरायची भीती असते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकाल तर ओल आत कोंडून पहिल्याच पावसाळ्यात सगळं लाल होईल. दर खंडेनवमीला पेटी उघडून पूजेआधी तेलाचा हात फिरवा.

वहीचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पानागणिक काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, तिचे पिवळे डाग जात नाहीत. राहिला वसुलीचा प्रश्न. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा साध्या उधारीसाठी कोर्टात जायची मुदत साधारण ३ वर्षं असते. अलीकडची मोठी रक्कम असेल आणि आईला गरज असेल, तर संकोच न करता मागा. जुनी सोडून द्या. वर्षश्राद्धाला मात्र वहीतलं एकही नाव वाचू नका. तीच माणसं समोर पंगतीला बसलेली असतील. नाव गाळून साल, काम आणि बाकी एवढंच वाचा.

आता आई. ती उठून जाते त्याचं कारण बहुधा याच वहीत असावं. अण्णा बाहेर ‘राहू दे, सवडीनं द्या’ म्हणाले, त्या आठवड्याला घरात तेल कुठून आलं, तुमची फी कशी भरली, हे तिने निभावलं असणार. गाव अण्णांना उदार म्हणतं, त्या उदारपणात अर्धा वाटा तिचा आहे आणि तो आजवर तिला कोणी विचारलेला नाही. लेखात तो आला नाही, तर तुमची दोन पानं अर्धीच राहतील.

ती भाजी निवडत असताना शेजारी बसा. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी तिला सांगा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर आणि हातभर अंतरावर. एका वेळी वीस मिनिटं पुरेत. वहीचं एकच पान तिच्यापुढे धरा आणि विचारा, ‘या वर्षी आपलं घर कसं चाललं होतं गं?’ ती चिडेल, कदाचित रडेल. अण्णांची बाजू घेऊ नका. गप्प बसून ऐका.

मग लिहा. सहाशे शब्द, म्हणजे सावकाश वाचले तर पाच-सहा मिनिटं. सुरुवात पटाशीच्या मापापासून करा. कामात कोणी घाई केली की अण्णा तापत असतील, तर तेही येऊ द्या. ऐकणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. आणि पंगतीत वाचण्याआधी, घरात दुसरं कोणी नसताना, सगळं आईला वाचून दाखवा. ती नको म्हणेल ते वाक्य काढून टाका.