वाचकांचे प्रश्न : धक्क्यावरचे बार्नॅकल कोणते?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे राहतो. ओहोटीला धक्क्याच्या भिंतीवर करड्या-पांढऱ्या, अगदी लहान कवचांचा दाट थर दिसतो. ही बार्नॅकल (खडकाला किंवा भिंतीला चिकटून राहणारे कवचधारी समुद्री प्राणी) मूळची येथली नव्हेत, असे ऐकले. ती ओळखावीत कशी आणि येथे आली कशी? (छायाचित्रे सोबत जोडली आहेत.)
— एक वाचक, पोर्टस्मथ

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी एकच पुरेसे जवळून घेतलेले आहे, पण त्यावरून निर्णय करता येतो. कवचाच्या भिंतीत चारच पट्टिका आहेत आणि तळाची कड नागमोडी आहे. झाकण किंचित उघडे असल्याने आतल्या पांढऱ्या पडद्यावरचे तपकिरी-नारिंगी ठिपकेही दिसतात. हे ऑस्ट्रोमिनियस मोडेस्टस होय. इंग्लंडच्या खडकांवर नेहमी आढळणाऱ्या सेमिबॅलॅनस बॅलॅनॉइडिस या स्थानिक जातीला सहा पट्टिका असतात. मात्र जुन्या, झिजलेल्या कवचांत पट्टिकांमधील सांधे बुजतात आणि मोजणी फसते. म्हणून तरुण, स्वच्छ कवच निवडावे, ते ओले असताना भिंगातून पाहावे आणि पडद्याचा रंगही तपासावा.

ही जात मूळची ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन चार्ल्स डार्विन यांनी १८५४ मध्ये एल्मिनियस मोडेस्टस या नावाने केले. ब्रिटनमधील पहिली नोंद १९४५ मधील असून ती आपल्या शेजारच्याच चिचेस्टर बंदरातील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांच्या तळाला चिकटून ती आली असावी, असे मानले जाते. डिंभक (अंड्यातून निघालेली पिल्ले) काही आठवडेच पाण्यात तरंगतात, तेव्हा एवढा प्रवास त्यांनी प्रवाहाबरोबर करणे संभवत नाही. शिवाय बार्नॅकल उभयलिंगी असले तरी फलन सहसा शेजाऱ्याकडूनच होते आणि जागचे हलता न येणाऱ्या प्राण्याचा शेजारी अगदी काही सेंटिमीटरच्या अंतरावर असावा लागतो. एकटदुकट प्राणी येऊन वसाहत उभी राहत नाही; चिकटलेला घोळकाच यावा लागतो, आणि जहाजाचा तळ नेमके तेच पुरवतो. एकदा बस्तान बसले की पुढचा प्रसार मात्र डिंभक किनाऱ्या-किनाऱ्याने करतात.

स्थानिक सेमिबॅलॅनस वर्षातून एकदाच, वसंताच्या सुमारास, डिंभक सोडते. ऑस्ट्रोमिनियस काही महिन्यांतच प्रजननक्षम होते, वर्षभरात अनेक पिढ्यांचे डिंभक सोडते आणि गढूळ, निमखारे पाणीही सहन करते. म्हणूनच खाड्या व बंदरांत तिची सरशी झाली. तरीही प्रत्येक ठिकाणी ती झपाट्याने पसरली असे नाही. जर्मनीच्या सिल्ट बेटावर ती १९५५ मध्ये पोहोचली, पण अर्धशतकाहून अधिक काळ विरळच राहिली. सौम्य हिवाळे व उबदार उन्हाळे लागोपाठ आल्यावर २००७ मध्ये तिने स्थानिक जातींना संख्येत मागे टाकले. त्यामुळे 'नवी जात आली, पण काही बिघडले नाही' असा निष्कर्ष पहिल्या दोन-चार दशकांत काढणे मला घाईचे वाटते.

सुट्टीत मुंबईला आलात तर हीच चार पट्टिकांची कसोटी तेथे जशीच्या तशी लावू नये. आपल्याकडील टेट्राक्लिटा या प्रजातीलाही चारच पट्टिका असतात. तिचे जाड, खडबडीत, शंकूसारखे कवच मात्र वेगळे दिसते. बंदरातील खांबांवर जांभळट उभ्या रेषांचे, सहा पट्टिकांचे कवच आढळले, तर ते बहुधा अ‍ॅम्फिबॅलॅनस अ‍ॅम्फिट्राइट असेल.