घर विकायचं, पण कधी?

प्रश्न : कोथरूडला आई-वडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. वडिलांनी तो १९९४ मध्ये घेतला होता. दोघंही आता नाहीत, मृत्युपत्रही नाही. आम्ही तीन भावंडं, धाकटी बहीण अमेरिकेत आहे. भाव ९० लाखांच्या आसपास सांगतात. एजंट म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबा. थांबावं का?

उत्तर : पितृपक्षात टोकन द्यायला कुणी धजत नाही आणि दसऱ्यापासून गिऱ्हाईक हलतं, एवढं एजंटचं बरोबर आहे. पण तुमची तारीख कागद ठरवणार आहेत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) बघा. ते अजून वडिलांच्या नावावर असेल, तर या दिवाळीत सौदा पुरा होणं कठीण आहे. सोसायटीच्या दप्तरी कुणा एकाचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी नॉमिनी मालक होत नाही, मालक तिघंही. कर्ज काढणाऱ्या गिऱ्हाइकाची बँक वारसांची पूर्ण साखळी मागते : दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बऱ्याचदा न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला कित्येक महिने जातात. त्याआधी जाहिरात दिली, की टोकन देणारा मधेच कंटाळून पैसे परत मागतो आणि ‘या फ्लॅटमध्ये काहीतरी गोम आहे’ अशी चर्चा एजंट मंडळींत पसरते. मग भाव पडतो.

आता कर. २००१ च्या आधीच्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, मात्र त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्या. समजा ती किंमत ६ लाख निघाली. निवासी भारतीयाला दोन वाटा आहेत. पहिली, महागाई निर्देशांक (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा सरकारी आकडा) न लावता १२.५ टक्के : ८४ लाख नफ्यावर १०.५ लाख. दुसरी, निर्देशांक लावून २० टक्के : २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने ६ लाखांचे २२.५६ लाख होतात आणि उरलेल्या ६७.४४ लाखांवर कर बसतो १३.४९ लाख. म्हणजे जुनी सवलत इथे महाग पडते. याच निर्देशांकाने विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण साडेआठ पटींहून जास्त असली, की १२.५ टक्केच फायद्याचे. उपकर वेगळा. हा कर तिघांत वाटला जातो आणि सूटही प्रत्येकाला स्वतंत्र मिळते : विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षांत घर घ्या, तीन वर्षांत बांधा, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे करबचत रोखे घ्या. रोख्यांत पैसे पाच वर्षं अडकतात.

खरा फरक मार्च की एप्रिल यानं पडतो. नवं घर लगेच मिळत नसेल, तर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खात्यात टाकावे लागतात. २५ मार्चला विकलंत तर त्याच वर्षीची ३१ जुलै, म्हणजे हाती चार महिने. ५ एप्रिलला विकलंत तर पुढच्या वर्षीची ३१ जुलै. गिऱ्हाइकाचं मन नेमकं उलट असतं : १ एप्रिलला रेडीरेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दर) वाढेल या धास्तीनं त्याला मार्च हवा असतो. एप्रिलपर्यंत थांबायचे म्हणून त्यानं लाखभर कमी करून मागितले, तरी तुम्ही घासाघीस करायला हरकत नाही.

बहिणीचं काम सर्वांत आधी धरा. ती अनिवासी असल्यानं तिला निर्देशांकाची वाट नाही आणि गिऱ्हाईक तिच्या ३० लाखांवर १२.५ टक्के अधिक उपकर कापणार. ती रोखे घेणार असेल, तर कमी करकपातीचा दाखला करारनाम्याआधी मागायला हवा, नाहीतर परताव्याची वाट बघत बसावं लागेल. तिचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून आलं, की इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. हे लोक हमखास विसरतात.

प्रश्न : नाशिकला आमचा बंगला आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, आई ७१ वर्षांची, एकटी राहते. आम्ही दोघं भाऊ बाहेर. आता विकून तिला फ्लॅट घेऊन द्यावा का?

उत्तर : बंगला बाबांच्या नावावर होता आणि मृत्युपत्र नसेल, तर आईचा हिस्सा फक्त एक तृतीयांश आहे (बाबांची आई हयात असेल तर तिचाही हिस्सा धरा). ‘आईचं घर’ असं आपण म्हणतो, कायदा तसं म्हणत नाही. दोघांनी तिच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं, तर पैसा आणि करसूट दोन्ही तिचे. या खटाटोपासाठी दोघं एकाच वेळी गावी असाल तो आठवडा धरा. त्यानंतर मिळकतपत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नोंद.

विक्रीची घाई मात्र नको. आधी जिथे फ्लॅट घ्यायचा म्हणता, त्याच भागात तिला सहा महिने भाड्याच्या घरात राहू द्या. लिफ्ट बंद पडते का, भाजीवाला, देऊळ, डॉक्टर चालत गाठता येतात का, हे तिला राहिल्यावरच कळेल. पटलं नाही तर बंगला आहेच. पटलं तर फ्लॅट आधी घेतला तरी सूट जात नाही, बंगला वर्षभराच्या आत विकला म्हणजे झालं.

बंगला दाखवायला फेब्रुवारी ते एप्रिल बरे. जूनच्या शाळेआधी ताबा हवा असणारी कुटुंबं तेव्हा फिरतात. स्लॅब गळत असेल तर जलरोधनाचं काम पावसाळा संपून भिंती पूर्ण सुकल्यावर करा, रंग त्यानंतर. ओल्या गिलाव्यावर रंग मारला तर तो दोन महिन्यांत फुगतो आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतं. गळती झाकूही नका. माहीत असलेला, पण सहज न दिसणारा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे.

प्रश्न : सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चार वर्षं चालू आहे. फ्लॅट आत्ता विकू की नवी इमारत झाल्यावर?

उत्तर : नुसत्या चर्चेला गिऱ्हाईक किंमत देत नाही. बिल्डर ठरला पण इमारत पाडलेली नाही, तो मधला काळ विक्रीला सर्वांत वाईट, कारण पडणाऱ्या इमारतीवर बँका कर्ज द्यायला काचकूच करतात आणि उरतात ते रोखीचे गुंतवणूकदार, भाव पाडून मागणारे. पैशांची निकड असेल तर सर्वसाधारण सभेनं बिल्डर नेमायच्या आधी विका. नसेल तर विकसन करार नोंदवलेला आहे का, बिल्डरची बँक हमी किती, बाहेर राहण्याचं भाडं तो किती महिन्यांचं आगाऊ देतो, हे पाहून थांबा आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यावरच विका.